बारा नंबरचं पाणी

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची. टॅक्सीतून उतरताना एक हात ड्रायव्हरनं धरला, दुसरा दारावरच्या नर्सनं, आणि मधे मी, पोत्यासारखी. वजन एकशे चार किलो, वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एवढा ऐवज घेऊन बारा आठवड्यांच्या मुक्कामाला आले आहे आणि खरं सांगायचं तर जाम खुशीत आहे.

इमारत तीन मजली, पूर्वी वसतिगृह होतं म्हणे. फिकट हिरव्या भिंती, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न्हाणीघरात जागोजागी धरायला दांड्या. खुर्च्यासुद्धा मुद्दाम उंच करून घेतल्यात, म्हणजे उठताना आईबाप आठवू नयेत. आम्ही एकूण चोवीस जण, सगळे वजनदार आसामी. दुपारी जेवून सगळे एकदम उठलो तर एवढ्या गुडघ्यांचा कडकडाट झाला की वाढणारा माणूस दचकला. मग आम्हीच हसत सुटलो.

चिमी दारात उभी होती. चिमी म्हणजे माझी भाची. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती; तेव्हापासून माझ्याकडेच वाढली. आता ती इथल्या औषधखोलीची प्रमुख आहे. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. सगळ्यांदेखत मला अहो बारा नंबर म्हणाली आणि पुढच्याच वळणावर कोपऱ्यात गाठून पोटाला बिलगली. नातं कुणाला सांगायचं नाही अशी तंबी आहे. इथे काम करणाऱ्यांच्या नातेवाइकांना प्रयोगात घेत नाहीत, तिनं माझा अर्ज गुपचूप सरकवला. मला काय, मी तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत आले. काय बोलायचं आणि काय नाही ते मला कुणी शिकवायला नको.

मंगळवार, ५ मार्च

मोठे डॉक्टर आले. चोवीसही जणांचे गुडघे त्यांनी स्वतः जमिनीवर बसून तपासले. असा डॉक्टर मी पाहिला नव्हता. आमचे नेहमीचे डॉक्टर गुडघ्याकडे न बघताच वजन कमी करा म्हणतात, आणि चालल्याशिवाय वजन कमी होत नाही, आणि वजनामुळे चालता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार.

औषध त्यांनी छान समजावून सांगितलं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. त्यातला थोड्याच मण्यांचा तुकडा म्हणजे पेप्टाइड. हा तुकडा दोन निरोप घेऊन जातो. पोटाला सांगतो, बास झालं. आणि सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, कूर्चा म्हणतात तिला, ती झिजलेली असते. तिला सांगतो, वाढ. दर मंगळवारी पोटात एक सुई.

पण गोम अशी की निम्म्या लोकांनाच औषध, उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. नाहीतर आशेनं आलेला फरक कुठला आणि औषधानं आलेला कुठला हे कळत नाही, म्हणाले. कुलूपबंद यादी असते, आणि यादीबरहुकूम सुया भरून, नंबराची चिठ्ठी लावून देणारी औषधखोली असते. म्हणजे आमची चिमी.

खोलीत माझ्या शेजारी टेलरबाई, नंबर अकरा. चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारून गुडघ्यांची वाट लावून घेतलेली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान कायम, झोपतानाही. घोरतात, पण सुरात.

शुक्रवार, ८ मार्च

आज मी जे केलं ते लिहू की नको असं चाललं होतं. लिहितेच.

चिमी एकटी सापडली तेव्हा मी सरळ विचारलं, मला औषध की पाणी. सांगायची परवानगी नाही म्हणाली. पण लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर जसा चेहरा व्हायचा तसाच झाला, आणि मी ओळखलं की माझ्या वाट्याला पाणी.

मग मी सोडलं नाही तिला. तुझ्या शाळेच्या जिन्यावरून तुला कडेवर घेऊन कोण चढलं, तापात उशाशी कोण बसलं, कुणामुळे मी लग्नाचा विचार सोडला, सगळं काढलं. एरवी हे मी कधी बोलत नाही. बोलायचं नसतं. ती रडली. म्हणाली, नोकरी जाईल, कोर्टात उभं करतील. मी म्हटलं, कुणाला कळणारच नाही.

सोमवार, ११ मार्च

काम झालं. यादीला तिनं हात लावलेला नाही, फक्त चिठ्ठ्यांची अदलाबदल. अकराची सुई बाराला, बाराची अकराला. माझ्याच शेजारणीची का, असं मी विचारलं. एकाच थाळीत दोन्ही सुया शेजारी असतात, बदलायला सोपं, म्हणाली.

टेलरबाईंनी आज मला त्यांच्या डब्यातली सुपारी देऊ केली. मी नको म्हटलं. जरा टोचलं मनाला. पण त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा बरा आहे, त्या जिना तरी चढतात.

मंगळवार, २६ मार्च

तीन सुया झाल्या. पहिली घेतली तेव्हा मुंगीनं चावल्याइतकंही जाणवलं नाही. आणि आता काय सांगू. भूकच लागत नाही. ताट समोर येतं आणि अर्ध्यावर मन म्हणतं, पुरे. माझं मन असं कधी म्हणालं नव्हतं. सात किलो उतरले. सकाळी पलंगावरून उठताना कठड्याला हात गेला, पण धरायची गरज पडली नाही. उभीच राहिले तशी. मग खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

टेलरबाईंना काहीच फरक नाही. आपलं नशीबच पाण्याचं, म्हणाल्या. हसून म्हणाल्या. मी उशीचा अभ्रा नीट करत बसले.

बुधवार, ३ एप्रिल

तिन्ही मजले चढले. एका दमात. वरच्या मजल्यावरून खाली ओरडून घोषणा केली की बारा नंबरची गाडी फलाट तीनवर आलेली आहे. सगळे बाहेर आले, टाळ्या वाजवल्या. मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दाखवला. पूर्वी हाडाला हाड टेकलं होतं, आता मधे चांगली बोटभर फट. ते खुशीत होते, पण मला औषध आहे की पाणी हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणून मी जास्त खुशीत.

कपडे सगळे ढगळ झालेत. टेलरबाईंनी स्वतःहून माझे तीन झगे मागून घेतले आणि दोन दिवस बसून हातशिलाईनं आत घेऊन दिले. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून. पैसे तर घेतलेच नाहीत, वर म्हणाल्या, तुम्हाला बरं वाटलेलं बघून मला हुरूप येतो. त्या झोपल्यावर मी तो झगा हातात घेऊन बसले. टाका इतका बारीक की दिसत नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण सुई नको असं काही मी चिमीला सांगितलं नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

कुशीवर झोपलं की कान दुखतो. वरची कडा हाताला टणक लागते. पूर्वी दुमडायची, आता दुमडत नाही. नाकाचा शेंडाही दगडासारखा. चिमीला सांगितलं तर म्हणाली वजन उतरलं की असं वाटतं.

सकाळी एक विचित्र प्रकार झाला. चार नंबर, तो बँकेतला पहारेकरी, न्याहारीला आला आणि बसेचना. थट्टा करतोय वाटलं. बसता येत नव्हतं. गुडघे सरळ ते सरळच. दोघांनी धरून बसवायचा प्रयत्न केला, तर लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. त्याला दुखत नव्हतं म्हणे. उभ्यानेच सूप पीत होता आणि घाबरून सगळ्यांची क्षमा मागत होता.

आजची सुई रद्द.

सोमवार, १५ एप्रिल

प्रयोग थांबवला. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, खाली मान घालून. कूर्चा वाढायची थांबत नाहीये. सांध्याची फट भरून झाली तरी ती वाढतेच आहे. दोन हाडं एकमेकांना चिकटतात. आणि कूर्चा काही फक्त गुडघ्यात नसते. कानात असते, नाकात असते, घशात असते, बरगड्या छातीला जिथे जोडल्या जातात तिथे असते.

उतारा आहे. उलटा निरोप देणारा दुसरा पेप्टाइड. वेळेत दिला तर वाढलेलं विरघळतं. उशीर झाला तर त्याचं हाड बनतं, मग काही नाही. यादी उघडली. औषध मिळालेले बारा जण आजच वरच्या मजल्यावर. पाणीवाल्यांनी काळजी करू नये, त्यांना दोनेक आठवडे नजरेखाली ठेवून घरी सोडतील.

नावं नाही, नंबर वाचले. अकरा वाचला. टेलरबाई घाबरून माझ्याकडे बघत उठल्या. बारा वाचला नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

चिमी आली. माझ्या पायाशी बसून रडली. मला म्हणाली, मावशी, मी खरं सांगितलं तर मला तुरुंग. दोन दिवस दे. उताऱ्याची एक कुपी मी बाजूला काढते, रोज येऊन गुपचूप टोचते, तू बरी होशील आणि कुणाला काही कळणार नाही.

हे माझंच वाक्य. मी तिला शब्द दिला. माझ्यापायीच तर केलं पोरीनं, तिला कशी अडकवू?

मोठे डॉक्टर खाली फेरीला आले तेव्हा मी एवढंच म्हटलं की बोटं आखडल्यासारखी वाटतात. ते प्रेमानं म्हणाले, तुम्ही पाण्यावर होता. इतरांचं बघून मन घेतं. आणि गुडघा कसा बरा झाला मग, असं मी विचारलं. त्यांचे डोळे चमकले. आशेनं किती फरक पडतो याचं तुमच्याइतकं उत्तम उदाहरण मी आजवर पाहिलं नाही, म्हणाले.

रविवार, २१ एप्रिल

चिमीनं तिसरी सुई दिली. देवासारखी धावून येते. गुडघे पूर्ण वळत नाहीत, पण उतारा लागू पडायला वेळ लागतो असं ती म्हणते.

आवाज बसला आहे. बसलाय म्हणजे चिरकतो. तीस वर्षं हाच आवाज विकून खाल्ला.

बुधवार, २४ एप्रिल

टेलरबाई वरून मला भेटायला आल्या. काठी टेकत, दर पायरीला थांबत. चेहरा पांढराफटक. उतारा फार वाईट आहे म्हणाल्या. सुई दिली की तासाभरात सगळ्यांनाच उलट्या सुरू होतात, दिवसभर. कुणी सुटत नाही. वर नुसत्या बादल्या ठेवल्यात. आणि मला तर आधी काही होतच नव्हतं हो, गुडघा पहिल्यासारखाच दुखत होता, मग हे कशासाठी, असं विचारत होत्या.

मला एकदाही उलटी झालेली नाही. सहा सुया. साधं मळमळलंही नाही.

टेलरबाई समोर होत्या. घशात अजून थोडा आवाज होता. सांगायला हवं होतं, आत्ता, लगेच. पण सांगायचं म्हणजे काय, तर तुमची सुई मी चोरली आणि आता तुम्ही ओकताय ते माझ्या वाटणीचं आहे. त्यांनी माझी बोटं हातात घेऊन चोळली. गार पडलीत म्हणाल्या.

त्या जिना चढेपर्यंत काठीचा आवाज ऐकत होते.

शुक्रवार, २६ एप्रिल

चिमीला विचारलं. आवाज नाही, ओठांनीच. पाणी का?

तिनं नाही म्हटलं नाही. नळाखाली हात धुतले, कितीतरी वेळ. मग सांगितलं, उताऱ्याच्या कुप्या मोजलेल्या आहेत, एक कमी झाली की कळतं. डॉक्टरांना खरं सांगायचं तिच्या मनात होतं, मग उशीर झाला, आता सांगून तरी काय. सगळं कसं शांतपणे. जसं काही भाजी संपल्याचं सांगतेय.

आठ दिवस माझ्या पोटात पाणी टोचत होती. आणि मी दर वेळी तिच्या गालाला हात लावत होते.

रविवार, २८ एप्रिल

पाणीवाले सगळे घरी गेले. मला ठेवलं. चिमीनं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की बाराच्या जुन्या कागदांत सांधे आखडायचा आजार आहे, घराण्यात आहे, त्याचाच झटका. फोटोही काढू नका, त्यांना हलवलं तर त्रास होतो. माझ्यासमोर सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला, तिच्यावर कुणीही ठेवील.

टेलरबाई सुटून गेल्या.

मान वळत नाही. जबडा पेन्सिल जाईल इतकाच उघडतो. बोटं पेनाभोवती आखडलीत, म्हणून लिहिता येतं. मनगट अजून हलतं. उद्या फेरी. वही दाखवायची. हेच पान. मोठं लिहिते —

मी बारा. मला औषध. चिठ्ठ्या बदलल्या. उतारा द्या.

सोमवार, २९ एप्रिल

डॉक्टर आले. वही पुढे केली. छातीपासून इतकीच लांब जाते, वीतभर. त्यांनी घेतली. जवळ धरली, लांब धरली. म्हणाले, अक्षर लागत नाही.

चिमी मागेच उभी. मला सवय झालीय यांच्या अक्षराची, द्या, म्हणाली. मागची पानं अंगठ्यानं दाबून धरली, हेच पान उघडं ठेवलं. वाचलं मोठ्यानं —

इथे सर्वांनी माझी फार काळजी घेतली. मला कुणी नाही. मला त्रास न देता शांत पडू द्यावं.

एकदाही अडखळली नाही.

मी डोळे फिरवले. उघडले, मिटले, उघडले. डॉक्टरांना वाटलं रडतेय. त्यांनी स्वतः माझे डोळे पुसले. तिला म्हणाले, परक्या बाईचं इतकं कुणी करत नाही.

ती म्हणाली, माझ्या मावशीसारख्या आहेत.

मंगळवार, ३० एप्रिल

श्वास वरच्या वर. बरगड्या उचलत नाहीत — फळी बांधल्यासारखं —

ओकारीच्या बादल्या धुतल्याचा आवाज येतो वरून. ते सुटले सगळे. चार नंबर खाली चालत आला. बसला. माझ्या खुर्चीत. बसून दाखवलं मला —

बुधवार

कडेवर घेऊन चढले मी हिला. जिने. सगळे जिने

दुपार

चिमी बसलीय. केसांवरून हात फिरवते. खूप मायेनं. खोटं नाही ते, तेच तर —

म्हणते वही कुणाला सापडायला नको. म्हणते आता पेन दे मावशी दमलीस.

देता येत नाही. सुटत नाही.

म्हणते मी सोडवते. करंगळीपासून सुरुवात. कट्ट. दुखत नाही. ती रडते आणि सोडवते. दुसरं. आता तिसऱ्याला हात घात